जुने कॉफी पर्कोलेटर : ओळख, कालनिर्णय आणि जतन

हैदराबाद-सिकंदराबादमधील आपल्या मंडळींची जुनी घरे गेल्या काही वर्षांत एकामागून एक पाडली जात आहेत. काचीगुडा असो की सुलतान बाजार, वाड्याच्या जागी फ्लॅट उभे राहतात आणि माळ्यावरचे सामान वजनावर भंगारात जाते. या सामानात कधीकधी केटलीसारखे एक भांडे निघते. त्याला तोटी असते, एका बाजूला मूठ असते आणि झाकणाच्या मधोमध काचेची एक गोळी बसवलेली असते. आत एक पोकळ नळी आणि भोकांची डबी असली तर ते भांडे केटली नव्हे, कॉफी पर्कोलेटर आहे. कोणाचे काका अमेरिकेत शिकायला गेले होते, कोणाच्या आजोबांनी लष्करी छावणीतील साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतले होते, अशा वाटांनी ही भांडी आपल्याकडे आली. वापरणारे गेले की वस्तूची ओळखही जाते. घरचे लोक नळी आणि डबी निरुपयोगी समजून आधी फेकतात, मग उरलेले भांडे "जर्मनचे" म्हणून किलोवर देतात.

आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी गेली काही वर्षे अशी भांडी जमवत आहोत. मंडळाच्या सभासदांपैकी बरेच जण घरात सापडलेली भांडी दाखवायला आणतात आणि त्याच त्या शंका विचारतात. त्या सगळ्यांना एकत्र उपयोगी पडावी म्हणून ही माहिती येथे देत आहोत. सांगायची मुख्य गोष्ट एवढीच की पर्कोलेटर हे नुसते भांडे नसून लहानसे यंत्र आहे. त्याचे सर्व भाग आणि त्याची हकिगत एकत्र राहिली तरच ते जतन झाले असे म्हणता येते.

पर्कोलेटर चालतो कसा

पर्कोलेटरचे मुख्य भाग असे : बाहेरचे भांडे, मधली पोकळ नळी, जिचा खालचा भाग उपड्या फनेलसारखा पसरट असतो, नळीवर बसणारी भोकांची डबी, जिच्यात कॉफीची पूड भरतात, डबीवर ठेवायची भोकांची चकती, आणि झाकण, ज्यात काचेची गोळी बसवलेली असते.

भांड्यात थंड पाणी भरून नळी, डबी आणि चकती बसवतात आणि भांडे विस्तवावर ठेवतात. तळाशी, पसरट भागाखाली, पाणी आधी तापते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. त्यांना बाहेर पडायला वाट फक्त नळीतून असते. म्हणून ते आपल्याबरोबर थोडे थोडे पाणी वर ढकलतात. हे पाणी नळीच्या टोकातून उसळून काचेच्या गोळीवर आपटते, चकतीवर पसरते, पुडीतून झिरपते आणि पुन्हा खालच्या पाण्यात मिसळते. तेच पाणी पुन्हा वर चढते. काचेच्या गोळीतून हा रंग हळूहळू गडद होताना दिसतो. गोळी शोभेसाठी नाही. कॉफी कितपत झाली हे झाकण न उघडता कळावे म्हणून ती आहे. त्या वेळी होणारा "गुडुक गुडुक" आवाज ज्यांनी ऐकला आहे ते तो विसरत नाहीत.

काही बनावटींत, विशेषतः विजेवर चालणाऱ्या भांड्यांत, तळाच्या मधोमध एक लहान खळगा असतो आणि नळीच्या बुडाशी एक सुटी चकती हलत असते. ही चकती झडपेचे काम करते. खळग्यातील थोडेसेच पाणी तापून वर उडते आणि बाजूचे पाणी आत येते. त्यामुळे सगळे पाणी उकळण्याची वाट न पाहता काही मिनिटांतच काम सुरू होते. नळी हलवली की खुळखुळणारी ही चकती अनेकांना मोडका तुकडा वाटतो. ती काढून टाकू नये.

फिल्टर, पर्कोलेटर आणि मोका

आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात दाक्षिणात्य पद्धतीचा दोन मजली पितळी किंवा स्टीलचा फिल्टरही "कॉफी पर्कोलेटर" म्हणून विकला जातो. त्यामुळे घोळ होतो. फिल्टरमध्ये गरम पाणी वरून ओततात, ते पुडीतून एकदाच झिरपते आणि खालच्या भांड्यात दाट काढा जमतो. पर्कोलेटरमध्ये तेच पाणी वर-खाली फिरत राहते.

तरीही दुकानदाराचा शब्द अगदी चुकीचा म्हणता येत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गाळणे, झिरपवणे असाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत वरून पाणी ओतायच्या भांड्यालाच पर्कोलेटर म्हणत. पाणी उसळवणाऱ्या भांड्याला ते नाव नंतर चिकटले. म्हणून जुन्या जाहिरातीत किंवा पुस्तकात हा शब्द आला तर भांडे कोणत्या प्रकारचे आहे हे चित्र पाहूनच ठरवावे.

तिसरे भांडे मोका. अष्टकोनी आकाराचे, मधोमध आट्याने जोडलेले हे ॲल्युमिनियमचे भांडे इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या नावाशी जोडलेले आहे आणि ते १९३३ पासूनचे आहे. त्यात वाफेच्या दाबाने पाणी पुडीतून एकदाच वर चढते आणि वरच्या कप्प्यातच राहते. फिरत नाही. तोही पर्कोलेटर नव्हे.

थोडा इतिहास

सुमारे १८०० साली पॅरिसमध्ये वरून पाणी ओतून कॉफी गाळण्याचे भांडे प्रचारात आले. त्याचे श्रेय तेथील आर्चबिशप द बेलॉय यांना दिले जाते. काउंट रम्फर्ड म्हणून प्रसिद्ध असलेले शास्त्रज्ञ बेंजामिन थॉम्पसन (१७५३-१८१४) यांनी अशा भांड्यात सुधारणा केल्या आणि १८१२ मध्ये कॉफीवर स्वतंत्र निबंध लिहिला. कॉफी उकळू नये, हा त्यांचा आग्रह होता. पुढे त्याच नावाच्या भांड्याने कॉफी उकळतच ठेवली, हा योगायोग गमतीचा आहे.

पाणी नळीतून वर चढवण्याची कल्पना १८१९ मध्ये पॅरिसच्या लॉरांस या पत्र्याच्या कारागिराने प्रत्यक्षात आणली. अमेरिकेत १८६५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील जेम्स नेसन यांनी पर्कोलेटरचे पेटंट घेतले. आज आपण ज्याला पर्कोलेटर म्हणतो त्या चुलीवरच्या भांड्याचे पेटंट मात्र इलिनॉय राज्यातील हॅन्सन गुडरिच या शेतकऱ्याच्या नावावर आहे. तारीख १३ ऑगस्ट १८८९, क्रमांक ४०८७०७. पसरट बुडाची नळी, वरची डबी, फिरणारे पाणी हे सारे त्यात आहे. पुढच्या ऐंशी वर्षांत साहित्य बदलले, आकार बदलले, वीज आली, पण रचनेचा गाभा तोच राहिला.

सुमारे १९०८ पासून कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील लँडर्स, फ्रेअरी अँड क्लार्क या कंपनीचे विजेवरील पर्कोलेटर बाजारात आले. त्यांचे छापनाव "युनिव्हर्सल". दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत धातू लष्करासाठी राखले गेले, त्यामुळे घरगुती भांड्यांत काच आणि इनॅमल पुढे आले. कॉफीचे रेशनिंगही झाले. नोव्हेंबर १९४२ ते जुलै १९४३ एवढा काळ ते चालले. युद्धानंतरची पंचवीस वर्षे ही विजेच्या पर्कोलेटरची भरभराट होती. १९७२ मध्ये "मिस्टर कॉफी" हे घरगुती ठिबक यंत्र आले आणि काही वर्षांतच अमेरिकन स्वयंपाकघरातून पर्कोलेटर माळ्यावर गेला. आपल्याकडे आलेली बरीच भांडी ही या शेवटच्या काळातली आहेत.

नेहमी आढळणारे छाप

भांडे उलटे करून तळ पाहावा. छाप बहुधा तेथेच असतो. डबीवर आणि नळीवरही पाहावे.

*युनिव्हर्सल* – निकेलचा मुलामा दिलेली तांब्याची भांडी, लाकडी मुठी, पाय असलेले उंच आकार. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतले नमुने संग्राहकांना विशेष प्रिय आहेत.

*मॅनिंग-बोमन* – कनेक्टिकटमधील मेरिडन गावची कंपनी. निकेल व पुढे क्रोमची भांडी, देखणी घडण.

*वेअर-एव्हर, वेस्ट बेंड, रीगल* – ॲल्युमिनियमची भांडी. वेस्ट बेंड ही विस्कॉन्सिनमधील कंपनी १९११ मध्ये सुरू झाली. ही भांडी मोठ्या संख्येने निघाली, म्हणून सहज मिळतात आणि नवशिक्यासाठी उत्तम.

*रिव्हिअर वेअर* – १९३९ पासूनची, स्टीलची आणि तळाला तांब्याचा थर असलेली भांडी.

*पायरेक्स* – कॉर्निंग कंपनीची काचेची भांडी. विस्तवावर ठेवता येणारी पायरेक्सची मालिका १९३६ मध्ये आली. काचेतून सगळी क्रिया दिसते, म्हणून घरातील मुलांना यंत्र समजावून सांगायला याच्याइतके चांगले साधन नाही.

*कॉर्निंगवेअर* – १९५८ पासूनची पांढरी, निळ्या फुलांची भांडी. यांच्या काही विजेवरील पर्कोलेटरमध्ये मूठ व धातूची पट्टी ज्या चिकट द्रव्याने जोडली होती ते निसटून गरम भांडे खाली पडत असे; १९७० च्या दशकात ते नमुने परत मागवण्यात आले. असे भांडे मिळाल्यास कपाटात ठेवावे, त्यात कॉफी करू नये.

*फार्बरवेअर* – न्यूयॉर्कची कंपनी. स्टीलचे विजेवरील पर्कोलेटर, टिकाऊपणासाठी प्रसिद्ध.

*रसेल हॉब्ज* – इंग्लंडमधील क्रॉयडन येथे १९५२ मध्ये सुरू झालेली कंपनी. तिची पहिलीच वस्तू कॉफी पर्कोलेटर होती. कॉफी झाल्यावर ती आपोआप फक्त गरम ठेवण्याची सोय त्यात होती.

वय कसे ठरवावे

विकणारा प्रत्येक वस्तू "शंभर वर्षांची" म्हणूनच सांगतो. आपण मात्र पुरावा पाहावा. व्यवहारात शंभर वर्षांपुढच्या वस्तूला प्राचीन आणि त्याच्या अलीकडच्याला जुनी असे म्हणण्याचा प्रघात आहे. वय काढण्याच्या खुणा पुढीलप्रमाणे :

१. पेटंट क्रमांक. अमेरिकन पेटंट क्रमांक १०,००,००० हा ऑगस्ट १९११ मध्ये दिला गेला, २०,००,००० हा एप्रिल १९३५ मध्ये आणि ३०,००,००० हा सप्टेंबर १९६१ मध्ये. तळावरचा क्रमांक अठरा लाखांच्या घरातला असेल तर भांडे १९११ पूर्वीचे असूच शकत नाही. पेटंटवरून "याच्या आधीचे नाही" एवढेच कळते, हे लक्षात ठेवावे. एकाच पेटंटवर कंपन्या वर्षानुवर्षे माल काढत. अनेक क्रमांक असतील तर सर्वांत मोठा क्रमांक धरावा. हे जुने पेटंट कागद इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. त्यातील आकृती आपल्या भांड्याशी ताडून पाहण्यात वेगळाच आनंद आहे आणि कोणता भाग हरवला आहे तेही त्यातून समजते.

२. धातू. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत १८८६ मध्ये सापडली. त्यानंतरच त्याची भांडी सामान्य घरात आली. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या मध्यापासून बाजारात आला. त्याआधीचा चकचकीत मुलामा बहुधा निकेलचा. निकेलच्या चमकेत किंचित पिवळसर ऊब असते, क्रोम निळसर आणि थंड दिसते. दोन्ही शेजारी ठेवून एकदा पाहिले की फरक डोळ्यांत बसतो.

३. मूठ. काळा रंग दिलेले लाकूड हे आधीचे, बेकेलाइट नंतरचे. बेकेलाइटचा शोध १९०७ चा. भांड्यांच्या मुठींना ते पुढच्या दोन-तीन दशकांत सर्रास आले. मूठ मागाहून बदललेली असू शकते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

४. काचेची गोळी. पहिल्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत काच रंगहीन करण्यासाठी मँगनीज वापरत. अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. जांभळट गोळी ही जुनेपणाची चांगली खूण आहे.

५. कागद. खोका किंवा माहितीपत्रक असेल तर फेकू नये. अमेरिकेत पाच आकडी पिन, म्हणजे त्यांचा झिप कोड, १९६३ मध्ये सुरू झाला. पत्त्यात तो असेल तर कागद त्यानंतरचा.

या पाच खुणांपैकी किमान दोन जुळल्याशिवाय आम्ही नोंदवहीत साल लिहीत नाही. "अंदाजे १९२०-३०" असे लिहिण्यात कमीपणा नाही.

विकत घेताना

हैदराबादेत गुरुवारचा जुमेरात बाजार आणि रविवारचा एर्रागड्ड्याचा बाजार, मुंबईत चोर बाजार, अहमदाबादेत साबरमतीकाठचा रविवारचा गुजरी बाजार, ही पाहण्याची ठिकाणे. विक्रेत्याला पर्कोलेटर हा शब्द माहीत असेलच असे नाही. "काचेच्या गोळीची केटली" असे सांगावे. सुटे भाग वेगळ्याच टोपलीत पडलेले असतात, म्हणून भांडे घेण्याआधी तीही चाळावी.

हातात घेतल्यावर पुढील क्रमाने पाहावे :

– नळी, डबी, चकती, झाकण, गोळी, सर्व आहेत का? नळी नसेल तर ती वस्तू केवळ केटली आहे आणि किंमतही केटलीचीच द्यावी.
– भाग एकमेकांचेच आहेत का? दोन कंपन्यांचे भाग जुळवून एक भांडे पुरे केलेले पुष्कळदा आढळते. डबी नळीवर डुगडुगत असेल, झाकण अडकत असेल तर शंका घ्यावी. असे जुळवलेले भांडे घेऊ नये असे नाही. पण नोंद तशी करावी.
– पाणी भरून गळती पाहावी. तोटीच्या सांध्यावर विशेष लक्ष द्यावे.
– ॲल्युमिनियमच्या आतल्या बाजूला सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? काळपटपणा चालतो, खड्डे चालत नाहीत.
– इनॅमलचे टवके आतून उडाले असतील तर भांडे फक्त मांडायचे.
– काचेच्या भांड्याला उजेडासमोर धरून फिरवावे. केसाएवढी चीर असली तरी ते विस्तवावर ठेवायचे नाही.

काचेच्या गोळ्या नव्या मिळतात. झाकणाच्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून मागवाव्यात. नळी मिळवणे सर्वांत अवघड असते.

भांड्यावर "८ कप" असे लिहिलेले असले तर आपले आठ पेले समजू नयेत. पर्कोलेटरचा कप पाच औंसांचा, म्हणजे सुमारे १५० मिलिलिटरचा. आठ कपांचे भांडे म्हणजे साधारण सव्वा लिटर.

किमतीविषयी आम्हाला नेहमी विचारतात. बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण आम्ही स्पष्ट सांगतो की ही गुंतवणूक नव्हे. बहुतेक पर्कोलेटर लाखोंच्या संख्येने निघालेले आहेत. परदेशातून मागवले तर वाहतूक व जकात भांड्यापेक्षा महाग पडू शकते. ज्याला व्याज हवे त्याने मुदत ठेव करावी. हा छंद वस्तूच्या आणि तिच्या हकिगतीच्या आवडीसाठी आहे.

विजेवरील भांडी : सावधगिरी

या भागात आम्ही थोडे कडक लिहितो, कारण प्रश्न जिवाचा आहे. अमेरिकन भांडे ११०-१२० व्होल्टचे असते, आपल्या घरात २३० व्होल्ट. पिन बदलली की चालते, असे सांगणारे बाजारात भेटतात. हिशेब करून पाहा. १२० व्होल्टवर ५०० वॅट घेणारे भांडे २३० व्होल्टवर जवळजवळ १,८४० वॅट घेईल, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त. तापतार जळेल, वायर पेटेल, हाताला झटका बसेल.

चालवायचेच असेल तर व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्याची क्षमता भांड्याच्या वॅटच्या किमान दीडपट असावी. जुन्या कापडी वायरी कधीही वापरू नयेत. त्यांच्या आत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि कापड कुरतडलेले असते. अशी वायर सोलून पाहू नये, पिशवीत घालून बाजूला ठेवावी. इंग्लंडची भांडी आपल्या व्होल्टच्या जवळची असतात, पण आतले आवरण साठ-सत्तर वर्षे जुने असते. दोन्ही बाबतींत आधी परवानाधारक वायरमनकडून करंट भांड्याच्या अंगात उतरत नाही ना, हे तपासून घ्यावे. शंका असेल तर मांडून ठेवावे. विजेचे भांडे कधीही पाण्यात बुडवून धुऊ नये.

साफसफाई

आपल्या घरातील पहिली ऊर्मी चिंच, राख किंवा काथ्या घेऊन घासण्याची असते. थांबावे. निकेलचा मुलामा पातळ असतो. एकदा घासून निघाला की खालचे तांबे दिसते आणि ते परत येत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके एवढे बाहेरून पुरे.

आतला पांढरा क्षारांचा थर काढायला लिंबाचे सत्त्व पाण्यात विरघळवून ते भांड्यात अर्धा तास ठेवावे, मग दोनदा धुवावे. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये. तो धातू खातो आणि भांडे काळे पडते. नळी आतून साफ करायला बाटली धुण्याचा बारीक ब्रश चालतो. जुन्या कॉफीचा तेलकट वास नळीतच बसलेला असतो.

आतून कल्हई केलेले तांब्याचे भांडे असेल आणि कल्हई गेली असेल तर चांगला कल्हईवाला गाठावा. आता ते थोडेच उरले आहेत. शुद्ध कथलाचीच कल्हई करून घ्यावी, शिसे मिसळलेली नको. जुन्या भांड्यांच्या सांध्यांच्या डाकात शिसे असण्याची शक्यता असते. अशा भांड्यातील कॉफी पिऊ नये.

एकदा कॉफी करून पाहावी

ज्या भांड्याला वरीलपैकी कोणताही दोष नाही, त्यात वर्षातून एकदोनदा कॉफी करावी. यंत्र चालते आहे याची खात्री होते. आपल्याकडची फिल्टर कॉफीची पूड फार बारीक असते आणि तिच्यात बहुधा चिकोरी असते. ती डबीच्या भोकांतून खाली उतरते आणि गाळ होतो. दुकानदाराकडून चिकोरीविना, जाड्या रव्यासारखी पूड दळून घ्यावी. पाणी डबीच्या बुडाला लागणार नाही इतकेच भरावे. आच मंद ठेवावी. गोळीत दोन-तीन सेकंदांनी एक उसळी दिसावी, सतत धबधबा नको. पहिल्या उसळीपासून सहा ते आठ मिनिटांत आच बंद करून नळी व डबी बाहेर काढावी.

पर्कोलेटरची कॉफी कडू होते हा आरोप जुना आहे आणि खरा आहे. कॉफी उतरायला साधारण ९१ ते ९६ अंश सेल्सिअस तापमान चांगले समजतात. येथे झालेलीच कॉफी पुन्हा उकळत्या तळाशी जाते. मंद आच आणि घड्याळ हे दोनच उपाय. चव आपल्या फिल्टर कॉफीसारखी येणार नाही. ती पातळ, काळी आणि सुगंधी असते. दूध घालून प्यायची सवय असलेल्यांनी निराश होऊ नये.

नोंदवही

आता सर्वांत महत्त्वाचे. मांडणीवर वीस भांडी असली म्हणजे संग्रह झाला असे नाही. नोंद नसेल तर ती वीस भांडीच राहतात आणि आपल्यामागे वजनावर जातात. एक साधी लांब वही घ्यावी आणि प्रत्येक भांड्याला एक पान द्यावे. रकाने असे : अनुक्रमांक, कंपनी व छाप, पेटंट क्रमांक, धातू, उंची व कप, अंदाजे काळ आणि तो कशावरून ठरवला, कोणते भाग मूळ, कोणते बदललेले, कोणते नाहीत, कुठून, कधी, किती रुपयांना, केलेली दुरुस्ती, वापरण्याजोगे की केवळ मांडण्याजोगे. भांड्याच्या तळाला पेन्सिलीने किंवा दोऱ्याच्या चिठ्ठीने तोच अनुक्रमांक द्यावा. चिकटपट्टी लावू नये, डाग राहतो.

शेवटचा रकाना "हकिगत" हा. हे भांडे कोणी आणले, कोणत्या सालच्या कोणत्या प्रवासातून, घरात कॉफी कधी होई, कोणासाठी होई, वापर केव्हा थांबला. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहावे. कंपनी आणि साल शंभर वर्षांनीही पेटंट शोधून काढता येईल. निजामाच्या काळी या शहरात आलेल्या एखाद्या मराठी घरात, इराणी चहाच्या गावात, सकाळी कॉफीचे भांडे का उकळत होते, हे मात्र सांगणारी माणसे आता मोजकी उरली आहेत. त्यामुळे भांडे उद्या पुसले तरी चालेल, पण ही चौकशी आजच करावी.

सभासदांपैकी कोणाच्या घरी असे भांडे असेल तर विकण्याआधी किंवा घासण्याआधी मंडळात घेऊन यावे. नळी, डबी, सुटी चकती, जे काही बरोबर सापडेल ते सर्व पिशवीत घालून आणावे. ओळख आणि काळ काढून देण्यात आम्हाला आनंदच आहे. भांडे तुमचेच राहील. नोंदीची एक प्रत मात्र मंडळाच्या वाचनालयात ठेवू द्यावी, एवढीच विनंती.